वर्षारंभींचे संकल्प व घरची शाळा

गेल्या महिन्यांत आमच्या विभागांतील एका वृद्ध उपदेशकांनीं आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला. त्यांच्या मुलानें अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांची हकीकत त्यांना वाचून दाखविली होती. तिकडे पुष्कळ घरीं आईबाप मुलांना शाळेंत न घालतां स्वतःच शिकवितात. नाताळ जवळ आला म्हणजे पुस्तकें बाजूस ठेवितात. आणि वर्ष संपण्यापूर्वीं सर्वजण एकत्र बसून नव्या वर्षाचे हेतु कागदावर लिहून काढितात. थोरल्यानें अमुक शुभवर्तमान तोंडपाठ करावें, मधलीनें पेटी वाजवावयास शिकावें, बापानें रागास आळा घालावा, असे ते हेतु. उपदेशकबुवा विचारितात, "पाळकसाहेब, हें आपल्या मंडळींत सुरू करावें काय? कीं देवापुढें असें लिहून देणें म्हणजे नवसच झाला? नवस तर आपण बाप्तिस्म्याच्या दिवशीं मागें टाकिले."

प्रश्न लहान दिसतो, पण त्यानें आम्हांस आठ दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

प्रथम त्या घरांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण घरची शाळा म्हटली कीं ती श्रीमंतांची चैन असावी असें आपल्या वाचकांस वाटेल. अमेरिकेंत मुलांना शाळेंत धाडण्याची सक्ती प्रथम मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १८५२ सालीं केली, व मग इतर संस्थानांनींही तोच कायदा केला. त्यामुळें घरीं शिकविणाऱ्या आईबापांवर खटले होत. १९९३ पर्यंत मात्र पन्नासही संस्थानांत घरीं शिकविण्यास कायद्यानें मोकळीक मिळाली. हे सर्व लोक ख्रिस्ती आहेत असें नव्हे. पण जे ख्रिस्ती आहेत त्यांचा आधार अनुवादाचा सहावा अध्याय आहे. घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां देवाचीं वचनें मुलांच्या मनावर ठसवावीं असें त्यांत बापास सांगितलें आहे. त्या अध्यायांत शाळेचें नांव नाहीं हें खरें. पण शेजारच्या मुलांस सोडून आपलींच तेवढीं शिकवावीं, असेंही त्यांत कोठें म्हटलेलें नाहीं. बहुतेक घरांत हें काम आईकडेच येतें, आणि स्वयंपाकघरांतील मेज हाच तिचा वर्ग.

नाताळच्या सुट्टीविषयीं एक गंमतीची गोष्ट येथें सांगून टाकितों. ज्या मॅसॅच्युसेट्सचा आम्हीं उल्लेख केला, तेथें १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणें हाच गुन्हा होता व त्यास पांच शिलिंग दंड होता. शास्त्रांत हा सण सांगितलेला नाहीं, असें ते कडवे धार्मिक लोक म्हणत. १८१३ सालीं मुंबईस उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी ह्याच परंपरेच्या मंडळ्यांनीं पाठविले होते. तेव्हां आपल्या खेड्यांतील करंज्या, कागदी तारे व रात्रभरचीं भजनें हीं सारीं त्यांच्याकडूनच आलीं असें कोणी समजूं नये. पुष्कळसा थाट आपला आपणच उभारिला आहे, व त्याबद्दल आम्हांस लाज वाटत नाहीं. घरीं शिकविणाऱ्या आईला ह्या सुट्टींत पुस्तक मिटतां येतें, पण शिकवणें मिटतां येत नाहीं. करंज्या कोणाच्या घरीं अगोदर पोंचतात, सावकाराच्या कीं विधवेच्या, हें मुलें पाहतच असतात.

आतां संकल्पाकडे वळूं. नवस हा सौदा आहे. मूल दे, मग बकरें देईन. ताप उतरव, मग नारळ वाढवीन. वर्षारंभींच्या संकल्पांत असा सौदा नसतो, म्हणून उपदेशकबुवांची भीति त्या अर्थीं खरी नाहीं. पण नवसाला आणखी एक अंग आहे, आणि तें अंग संकल्पांतही लपून राहूं शकतें. नवस बोलणारा एक असतो व पुष्कळदां तो फेडणारा दुसराच असतो.

शास्त्यांच्या पुस्तकांतील इफ्ताहाची गोष्ट आपण सर्वांनीं वाचिली आहे. युद्धास निघतांना त्यानें देवाला बोल दिला, आणि परतल्यावर त्या बोलाची किंमत डफ वाजवीत सामोऱ्या आलेल्या त्याच्या एकुलत्या एक मुलीला द्यावी लागली. तिनें तो बोल दिला नव्हता. तिला कोणीं विचारिलेंही नव्हतें. सेमिनरींत असतांना ह्या अध्यायावर आमचे तंटे होत, आणि इफ्ताहानें मुलीला खरोखर मारिलें कीं आजन्म कुमारी ठेविलें ह्यावरच सगळा वेळ जाई. आतां आम्हांस वाटतें कीं आम्हीं भलत्याच ठिकाणीं वेळ घालविला. विचारावयाचें तें हें होतें, कीं दुसऱ्याच्या आयुष्याचा बोल देण्याचा अधिकार बापाला कोणीं दिला?

हा प्रश्न इफ्ताहापाशीं संपत नाहीं. घरच्या शाळेचें उदाहरण म्हणून नेहमीं सुझाना वेस्ली ह्या बाईंचें नांव घेतात, व तें योग्यच आहे. इंग्लंडांतील एपवर्थ गांवच्या ह्या पाळकाच्या पत्नीस एकोणीस मुलें झालीं व त्यांपैकीं दहा वाढलीं. मूल पांच वर्षांचें झालें कीं एका दिवसांत त्याला मुळाक्षरें येत. पुढें रोज सहा तास धडे. आणि आठवड्याची एक संध्याकाळ प्रत्येक मुलाशीं एकांतांत बोलण्यासाठीं राखलेली. गुरुवार जॉनचा होता. आपल्या शिकविण्याची ही रीत तिनें पुढें त्याच जॉनच्या विनंतीवरून १७३२ सालीं पत्रानें लिहून पाठविली.

पण त्याच घरांत तिचा नवरा सॅम्युएल हाही होता. राजा विल्यमसाठीं केलेल्या प्रार्थनेस पत्नी 'आमेन' म्हणत नाहीं, एवढ्यावरून त्यानें १७०२ सालीं शपथ वाहिली कीं ती क्षमा मागेपर्यंत तिच्याशीं नवरा म्हणून राहणार नाहीं. तो घर सोडून गेला. शपथ त्याची होती. कांहीं महिने तिचा भार मात्र बायकोलेंकरांनीं वाहिला. आणि मुलांमध्यें जी मेहेटबेल फार हुशार, कविता करणारी होती, तिला १७२५ सालीं बापानें तिच्या मनाविरुद्ध लग्नांत ढकलिलें. तें लग्न सुखाचें झालें नाहीं, व बापाचें तिच्याशीं पुन्हा मनापासून जुळलें नाहीं. हें आम्ही कोणाची निंदा करण्याकरितां लिहीत नाहीं. जॉन व चार्ल्स ज्या घरांत घडले त्याच घरांत हेंही घडलें, आणि शिकवणी दोहींकडे एकच होती.

दुसऱ्यांच्या चुका मोजणें सोपें. आतां स्वतःची सांगितली पाहिजे.

पाळकपणाचें काम हातीं घेतल्यावर चौथ्या वर्षीं, वर्षाखेरच्या जागरण उपासनेंत, आम्ही मंडळीपुढें उभे राहिलों व जाहीर केलें कीं पुढील वर्षीं आमचें घराणें सबंध पवित्र शास्त्र वाचून काढील. अकराशें एकोणनव्वद अध्याय, दिवसाला सव्वातीन. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. त्यांना आम्हीं विचारिलें नाहीं. भिंतीवर कागद चिकटविला व रोज खूण करूं लागलों. लेवीयापर्यंत ठीक चाललें. पुढें आमच्या फेऱ्या, आजारी, मयतें, सभा. पावसाळ्यांत आम्ही दोनशें अध्याय मागें होतों. एके रात्रीं वीस अध्याय एका बैठकींत वाचावयास घेतले. मुलाला झोंप आली, तेव्हां आम्हीं त्याचा कान पिरगाळून त्याला उठविलें. मुलगी म्हणाली, "बाबा, हें आपण देवासाठीं वाचतों कीं मंडळीला सांगितलें म्हणून?" आम्हीं तिला गप्प बसविलें.

डिसेंबरच्या एकतिसाव्या रात्रीं आम्ही पुन्हा उभे राहिलों आणि वाचन पुरें झालें असें सांगितलें. तें पुरें झालें नव्हतें. संदेष्ट्यांपैकीं निम्मे राहिले होते. कागदावरच्या खुणा मात्र भरलेल्या होत्या. मंडळीनें देवाची स्तुति केली. मुलें पहिल्या रांगेंत बसलीं होतीं. त्यांनीं मान वर केली नाहीं. त्या वर्षीं आमच्या घरच्या शाळेंत मुलें काय शिकलीं, हें आम्हांस ठाऊक आहे. दोन दिवसांनीं त्यांची क्षमा मागितली. मंडळीपुढें ही गोष्ट आज प्रथमच येत आहे.

तेव्हांपासून हन्नेची गोष्ट आम्ही निराळ्या रीतीनें वाचूं लागलों. तिनेंही मुलाविषयीं बोल दिला होता, आणि इफ्ताहाप्रमाणेंच मुलाला न विचारितां दिला होता. तें जन्मलेंच नव्हतें. पण दूध तुटल्यावर शमुवेलाला मंदिरांत ठेवून आल्यावर ती काय करी तें पाहा. दरवर्षीं यज्ञाच्या वेळीं ती त्याच्यासाठीं एक लहानसा झगा शिवून नेई. मूल दूर, डोळ्यांआड. मागच्या वर्षीं खांद्यापर्यंत कोठें आलें होतें हें आठवून ती यंदाचें कापड बेतीत असेल. झगा मुलाच्या मापाचा करावा लागे. मूल झग्याच्या मापाचें करितां येत नाहीं. आणि तिच्या बोलानें शमुवेल संदेष्टा झाला नाहीं. देवानें त्याला रात्रीं त्याच्याच नांवानें हांक मारिली, व तेव्हां आई तेथें नव्हती.

आपल्याच देशांतील एक घर ह्या वेळीं आठवतें, आणि गंमत अशी कीं तें ख्रिस्ती नव्हतें. पंडिता रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकांचा रोष पतकरून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें रमाबाईंना आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत स्वतः शिकविलें. घर असें नव्हतेंच. सारें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत असे. थोरल्या मुलीचें लग्न लहानपणीं करून शास्त्रीबुवा पस्तावले होते, म्हणून धाकटीविषयीं त्यांनीं तसा हट्ट धरिला नाहीं. पुढें दुष्काळानें आईबाप गेले. मुलीनें पुराणें सांगावीं एवढाच त्यांचा हेतु असेल. तीच मुलगी पुढें केडगांवीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करीत बसली, व तें सबंध शास्त्र १९२४ सालीं, तिच्या मरणानंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झालें. आपण मुलाला कशासाठीं शिकवितों हें शिकविणाऱ्याला कळतेंच असें नाहीं.

आतां आमच्या मंडळींतील एका बाईचा संकल्प. नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल फेडण्याकरितां गाडीबैल घेऊन कारखान्यावर जावयाचें, आणि पाडव्याच्या सुमारास परत. त्यांचा नाताळ उसाच्या फडांत होतो. कोपीला भिंतच नाहीं, मग कागद कोठें चिकटविणार? ही बाई जेमतेम चौथी शिकलेली. पोराला ती मोळ्या मोजावयास लावून हिशेब शिकविते, आणि रात्रीं गाडीवर दहा आज्ञा म्हणवून घेते. वाटेनें चालतां शिकवावें, ही आज्ञा आमच्यापेक्षां तिनें अधिक पाळिली आहे. नाताळच्या दिवशीं तिचा फोन आला तेव्हां आम्हीं सहज विचारिलें, "ताई, नव्या वर्षाचें काय ठरविलें?"

ती म्हणाली, "पाळकबाबा, येवढंच ठरवलंय, पोराच्या हातात कोयता द्यायचा न्हाई."

पोर अकरा वर्षांचें आहे. फडांत त्या वयाचीं मुलें मोळ्या बांधूं लागतात, वाढें गोळा करितात, आणि उचल तेवढी लवकर फिटते. तो हात कमी झाला कीं तूट तिच्याच पाठीवर येते. हाही मुलाविषयींचाच बोल आहे. पण ह्याची किंमत ती स्वतः देणार आहे.

म्हणून उपदेशकबुवांस आमचें उत्तर असें आहे. जागरण उपासनेंत संकल्प लिहावयाचे तर खुशाल लिहा. तो नवस नव्हे. बापानें आपल्या जिभेचें, आपल्या पैशाचें, आपल्या वेळेचें लिहावें. मुलाचें लिहावयाचें झालें तर मुलालाच विचारून, आणि तें मोडलें तर मोडलें असें त्याच्यासमोर सांगतां येईल अशा बेतानें.

पण त्या बाईच्या फोननंतर आणखी एक गोष्ट मनांत घोळत आहे. ह्या मंडळींतून तीन कुटुंबें तोडीला जातात, आणि त्यांचीं पांच मुलें वर्षाचे चार-पांच महिने गांवच्या शाळेंतून उठतात. पुढच्या दिवाळीनंतर तीं मुलें कोणाच्या घरीं राहतील? सरकारी हंगामी वसतिगृहांत जेवणाची सोय होते, तरी रात्रीं जवळ घेणारें माणूस लागतें. दुसरीकडे, १७०९ सालीं एपवर्थचें घर जळाल्यावर मुलें कांहीं काळ इतरांच्या घरीं वांटून ठेवावीं लागलीं, आणि तेवढ्यांत त्यांना जें वळण लागलें त्याचें दुःख सुझानाबाईंस पुढें फार झालें. आईजवळ फडांत राहणें बरें कीं आमच्याजवळ शाळेंत, हें आम्हीं परस्पर ठरविलें तर आम्ही पुन्हा इफ्ताहच. आमच्या घरीं दोन मुलांपुरती जागा आहे. आमच्या मुलांना विचारिलें, तीं हो म्हणालीं. त्या बाईलाही निरोप धाडिला आहे. तिनें कळविलें कीं पोराला विचारून सांगतें.