ममता आणि ‘न मम’

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत पुत्र, दारा, गृह यांच्या ठायी ‘अनभिष्वंग’ असावा, असे एक लक्षण आहे. भाषांतरकाराच्या वाटेत हा शब्द धोंड्यासारखा पडून राहतो. श्रीशंकराचार्यांच्या मते अभिष्वंग म्हणजे साधी आसक्ती नव्हे. दुसरा सुखी तर मीच सुखी, दुसरा दुःखी तर मीच दुःखी, तो गेला म्हणजे मीच गेलो, अशी त्याच्याशी जडलेली आत्मभावना म्हणजे अभिष्वंग होय. हे वाचून गृहस्थाश्रमी मनुष्य सहजच विचारतो की, मग आईने लेकरावर प्रेम करावे की न करावे? कित्येक वर्षे मी या शब्दापुढे ‘अलिप्तता’ असे लिहीत आलो आणि तो अर्थ मला दर वेळी थंडगार लागत आला.

2019 च्या शरद ऋतूत एका हस्तलिखिताच्या कामासाठी मला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जावे लागले. त्या ग्रंथालयाशेजारीच सेंट पँक्रस हे स्थानक आहे आणि तेथून लेस्टरला आगगाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. लेस्टरला माझा मावसभाऊ सपत्नीक राहतो. लग्नाला चौदा वर्षे झाली तरी घरात मूल नव्हते. ‘दादा, आम्ही मुलगी दत्तक घेत आहोत. आठ महिन्यांची आहे. तू इतका जवळ आला आहेस, तर येऊन जा,’ असा त्याचा निरोप आला.

त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला प्रश्न उठला, तो लिहिताना संकोच वाटतो. ‘कोणाची?’ हाच तो प्रश्न. मावशीने दूरध्वनीवरून तेच विचारले, ‘अरे, कुळगोत्र काही ठाऊक आहे का?’ तिला मी शास्त्र सांगितले. दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचे गोत्र उरत नाही, असे मनूचे वचन आहे. कन्याही दत्तक घेता येते, असे नंदपंडितांनी ‘दत्तकमीमांसे’त प्रतिपादिले आहे. खुद्द कुंती ही शूरसेनाची कन्या पृथा. तिला कुंतिभोजाने आपली म्हणून वाढविले. मात्र जुन्या मताप्रमाणे दान आईबापांनीच करावयाचे असते. ज्याला देणारा कोणी नाही, त्याला घेणार कसे? आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली, दत्तहोम अनिवार्य नाही असे ठरविले आणि टाकलेल्या किंवा अज्ञात आईबापांच्या मुलांची सोय 1962 च्या दुरुस्तीने झाली. हे सर्व मी मावशीला सांगितले खरे. पण सांगणारा पंडित होता, आणि विचारणारा जो माझ्याच आत बसला होता, त्याचे समाधान झाले नव्हते.

इंग्लंडात दत्तकाचा पहिला कायदा 1926 साली झाला. तेथे मूल देण्याचा अंतिम निर्णय न्यायालय करते. दत्तक घेणाऱ्यांच्या घरी जाईपर्यंत ते बहुधा एखाद्या संगोपन करणाऱ्या कुटुंबात राहते. ही मुलगी जन्मल्यापासून एका प्रौढ इंग्रज बाईकडे होती. नवे आईवडील दहा-बारा दिवस रोज तिच्या घरी जात. आरंभी तासभर बसत, मग भरवीत, न्हाऊ घालीत, निजवीत. शेवटच्या दिवशी मुलीला आणावयाचे होते. मी त्या दिवशी भावाबरोबर गेलो. मात्र दारापाशीच थांबलो.

बाईंनी एक वही दिली. मूल कोणत्या कुशीवर निजते, कोणत्या आवाजाला दचकते, दूध किती कोमट लागते, हे सारे तीत बारीक अक्षरात लिहिले होते. एक लहान पांघरूण देऊन त्या म्हणाल्या की, हे काही दिवस धुऊ नका, याला माझ्या घराचा वास आहे. मग मुलीला स्वतःच्या हातांनी गाडीत बसविले आणि त्या हसून मागे सरल्या. गाडी वळताना मी पाहिले. त्या दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

यज्ञात प्रत्येक आहुतीनंतर यजमान ‘न मम’ म्हणतो. मीही ते कितीदा म्हटले असेल! परंतु मी सोडले ते पळीभर तूप. या बाईंनी आठ महिने रात्री जागून वाढविलेले मूल सोडले. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे होते, आणि हे मूल आपले नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी दुधाचा कोमटपणा त्या रोज मनगटावर पाहत होत्या. त्या रडल्या म्हणून त्यांचा अनभिष्वंग भंगला, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मूल अडवून ठेवणे हा अभिष्वंग झाला असता. डोळ्यांतले पाणी त्याहून वेगळे होय. आपल्या मराठीत ‘ममता’ म्हणजे माया, आणि शास्त्रात ममता म्हणजे ‘हे माझे’ असा आग्रह. एकाच शब्दात या दोन गोष्टी कोंबल्यामुळे आपला बराच घोटाळा झाला आहे.

त्या रात्री मुलगी फार रडली. ते पांघरूण तोंडाशी धरून पहाटे केव्हातरी निजली. मावशीचा पुन्हा दूरध्वनी आला. तिने या खेपेला गोत्र विचारले नाही, दूध घेते का, एवढेच विचारले.

सकाळी भावाच्या पत्नीने मला एक पुस्तक दाखविले. मुलीच्या जन्माची हकीकत तिला समजेल अशा शब्दांत तेथील अधिकारी लिहून देतात. अठरा वर्षांची झाल्यावर मूळ जन्मनोंद मागण्याचाही तिला हक्क आहे. ‘भावोजी,’ ती म्हणाली, ‘तेव्हा ती आपल्या जन्मदात्रीकडे निघाली तर?’

मी तिला उद्योगपर्वातील कर्ण सांगितला. श्रीकृष्ण त्याला राज्य देऊ करतात, तेव्हा तो म्हणतो की, मला पाहताच राधेला पान्हा फुटला, माझे मलमूत्र तिने काढले, माझे जातकर्म अधिरथाने केले. आता त्यांचा पिंड मी कसा तोडू? तिने शांतपणे ऐकून घेतले. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

‘पण भावोजी,’ ती म्हणाली, ‘कुंतीने त्याला सांगितले ते युद्धाच्या तोंडावर. आम्ही हिला आजपासूनच सांगणार आहोत.’