घरट्यासमोर किती वेळ उभे राहावे?

बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेतला की मनुष्य प्राणिमात्रांचा मित्र झाला, असे आपण सगळेच धरून चालतो. गोळीने पक्षी पडतो, फोटोने पडत नाही. मग वाद कसला? आमचे निम्मे आयुष्य फळ्यासमोर गेले, त्यामुळे इतक्या सोप्या उत्तराचा आम्हाला संशय येतो. मुलाने पायऱ्या न दाखविता गणिताचे उत्तर लिहिले की त्याला उभे करून विचारावे लागते. या उत्तरालाही जरा उभे करून विचारावे, असे मनात आहे.

प्रश्न पडला तो अलिबाग तालुक्यातल्या एका वाडीत. सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयता दोन वेळा फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत तेथे मावसभावाकडे राहून आलो. वाडी म्हणजे काय हे कोकण पाहिलेल्यांना सांगायला नको. येथे इस्राएलात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो: घराभोवती नारळी-पोफळी, फणस, लिंबे, एखादे पपनस, जास्वंदीचे कुंपण, विहिरीचे पाणी खेळविणारे पाट आणि या सर्वांत राहणारे, भाडे न देणारे असंख्य बिऱ्हाडकरू. ओसरीच्या तारेला शिंजिराचे घरटे लोंबते. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी सालीचे तुकडे, गवताच्या काड्या बांधलेले, इतके कळकट की कचराच वाटावा. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते ती अळी असते, आणि तीच पुढे ब्लू मॉर्मन नावाचे काळे-निळे मोठे फुलपाखरू होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली त्याला राज्याचे फुलपाखरू ठरविले. कुंपणावर सरडा मान वरखाली करीत बसतो. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो. आमच्या लहानपणी मुले म्हणत की तो दुरूनच आपले रक्त शोषतो, म्हणूनच लाल होतो. आणि त्याला दगड मारीत. त्याच कुंपणापाशी आता मुले मोबाइल घेऊन उभी राहतात. दगडापेक्षा मोबाइल बरा, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो.

पण फोटोची हौस वाढली की तिला भूक लागते. किडा हलतो, फोटो अस्पष्ट येतो; म्हणून काही लोक त्याला डबीत घालून शीतकपाटात ठेवतात. कीटकाचे अंग बाहेरच्या गारव्याने गार पडते, तो सुन्न होतो. मग त्याला फुलावर बसवून वर पाण्याचे थेंब शिंपडावयाचे, आणि खाली लिहावयाचे ‘पहाटेचे दव’. दयाळ पुढे येत नसेल तर दुसऱ्या दयाळाचा ध्वनिमुद्रित आवाज लावावयाचा. आपल्या हद्दीत कोणी परका घुसला असे वाटून तो बिचारा चारा टाकून भांडावयास धावतो. फोटो झक्क येतो. त्यात पक्षी खरा असतो, प्रसंग तेवढा खोटा.

एके दिवशी मुंबईहून एक हौशी पाहुणे आले. लिंबाच्या झाडात छातीइतक्या उंचीवर बुलबुलाचे घरटे होते, आत तीन अंडी. पाने आड येत होती, म्हणून त्यांनी फांदी दोरीने बाजूला ओढून बांधली आणि चार पाने खुडली. मादी उडाली ती तारेवर बसून ओरडत राहिली. फोटो उत्तम आला, हे खोटे कशाला सांगा? पाहुणे गेल्यावर दादाने दोरी सोडली, पण खुडलेली पाने कोण चिकटविणार? तिसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. अंडी कावळ्याने नेली की भारद्वाजाने, हे आम्ही पाहिले नाही. पाने खुडली नसती तर ती वाचलीच असती, असेही शपथेवर सांगता येत नाही. बुलबुलाची कितीतरी घरटी कोणी हात न लावताही बुडतात. एवढे मात्र ठाऊक आहे की आडोसा गेला की ऊन आणि कावळ्याची नजर दोन्ही आत शिरतात, आणि मादीचा आक्रोश चोराला पत्ता सांगतो.

पाहुणे म्हणतील, आम्ही नेले काय? एक अंडे नाही, एक पीस नाही. भारताचा १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र हे बोलणे ऐकून घेत नाही. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केली आहे, आणि संरक्षित पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत घातले आहे. बंदूक नको, जाळे नको, उपद्रव पुरे.

आपल्या वाचकांना येथे ‘की तेत्से’ ही पाराशा आठवली असेल. वाटेत, झाडावर किंवा जमिनीवर घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर आईला पिलांसकट घेऊ नये. तिला जाऊ द्यावे. या आज्ञेवर जुना वाद आहे. प्रार्थनेत ‘देवा, तुझी दया पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोचते’ असे म्हणणाऱ्याला गप्प करावे, असे मिश्ना सांगते. उलट रांबाम यांनी आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात कारण दिले ते दयेचेच, की पिलांवरची माया माणसाच्या आईत आणि पशुपक्ष्यांच्या आईत सारखीच असते. एवढ्या थोरांच्या वादात आम्ही पडत नाही. आम्हाला दिसते ते असे: ही आज्ञा घेणाऱ्याला आहे, बहुधा भुकेल्याला. त्यालाही हात आखडावयास सांगितले आहे. आमचा फोटोवाला भुकेला नसतो. आईला तोही उडवून लावतो, पण घेत काहीच नाही, म्हणून आज्ञेच्या शब्दांत तो सापडत नाही. आणि अंडी मागे गार होत राहतात. शब्दांत न सापडणे म्हणजे निर्दोष असणे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पोटासाठी नेणाऱ्याला जी मर्यादा, ती हौसेने बघणाऱ्याला अधिकच लागू पडावी.

याची दुसरी बाजूही वाडीतच भेटली. पुढच्या खेपेस दुसऱ्या एका घरट्याच्या रोखाने धामण चढताना दिसली. आमच्या हिने काठी मागितली. दादा शांतपणे म्हणाला, “वहिनी, राहू दे. नारळ कुरतडणारे उंदीर तीच खाते. तिचेही पोट आहे.” त्यावर दोघांचे बरेच वाजले. ही म्हणाली, “डोळ्यांदेखत पिले जातील आणि आपण बसून राहायचे?” आम्ही मनाने हिच्या बाजूचे, बुद्धीने दादाच्या. धामण सोडून पिलांची बाजू घेण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? निसर्गात ढवळाढवळ नको, हे दादाचे म्हणणे पटले. पण हे वाक्य कोणी उच्चारावे? ज्याने फांदी बांधली नाही, पाने खुडली नाहीत, त्याने. दोरी बांधून घरटे उघडे करणाऱ्याने धामण आली की ‘हा निसर्गाचा नियम’ म्हणून कॅमेरा सरसावावा, हे आम्हाला लबाडीचे वाटते. धामणीला वाट त्यानेच करून दिली. आता ती अडविणेही त्याच्याकडे लागते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मास्तरांना कॅमेराच नको. तसे नाही. कोकणात कवड्या सापाला मण्यार समजून ठेचतात. कवड्या बिनविषारी, मण्यार रात्री पांघरुणात येऊन माणूस नेणारी. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट. दुरून घेतलेले दोन चांगले फोटो शेजारी शेजारी ठेवले तर हे पोरालाही समजते आणि एखादा कवड्या वाचतो. तरी घरात निघालेल्या सापाची ओळख जाणत्या सर्पमित्रावर सोपवावी.

आणि न त्रास देता पाहता येते, याचा दाखला त्याच तालुक्यात आहे. किहीम गाव आपल्याला परके नाही. आपल्यातले किहीमकर तिथलेच. तेथे १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली शिडीवर कापडाचा आडोसा करून सुगरणींची वसाहत पाहत दिवसचे दिवस बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर राहते. मग नर दुसरे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी पाहिले ते पक्ष्यांनी त्यांना झाडाझुडपासारखे मानून सोडून दिले तेव्हा. त्याला वेळ लागतो. वेळ वाचवावयाचा म्हणूनच तर दोरी लागते.

आपल्या पूर्वजांना त्या मुलखात ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी घाणा बंद, घाण्याचा बैलही मोकळा. आमच्याकडे घाणा नाही, पण वाडीत शब्बाथला मोबाइल कपाटात जाई आणि आम्ही ओसरीवर नुसते बसत असू. दयाळ खुर्चीपासून दोन हातांवर येऊन मुंग्या टिपी. शिंजिराची मादी आमच्या डोक्यावरून घरट्यात जाई. हिचे म्हणणे, पक्ष्यांना शब्बाथ कळतो. दादाचे म्हणणे, तुम्ही एका जागी गप्प बसता म्हणून. दादाचे बरोबर असावे.

अश्दोदला आमच्या सज्जासमोरही बुलबुल येतो. डोळ्याभोवती पांढरे कडे, शेपटीखाली लालऐवजी पिवळे. यंदा त्याने कुंडीतल्या वेलात घर केले आहे. नातू विचारतो, “आजोबा, किती जवळ जाऊ?” आम्ही त्याला मीटर सांगितले नाहीत. चोचीत किडा घेऊन बुलबुल तारेवर बसला आहे आणि घरट्याकडे जात नाही, असे दिसले की मागे सरायचे, तो आत जाईपर्यंत सरत राहायचे. काल तो सरत सरत स्वयंपाकघरात पोचला. तेथून फोटोत वेल आला आहे, कुंडी आली आहे, आणि पानांत नीट पाहिले तर एक शेपटी.