तोंडातून निघते ते कोणाचे?

तोंडातून जे बाहेर पडते ते अंतःकरणातून येते आणि तेच माणसाला अशुद्ध करते, असे प्रभू येशू मत्तयच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात सांगतो. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलाच्या तोंडून शिवी निघाली की त्यालाही ऐकवतो. पण दुखण्याने ज्याची वाचा गेली आहे, अशा माणसाच्या खाटेशेजारी बसल्यावर हे वचन कसे लावायचे?

शार्ल बोदलेर हा फ्रान्सचा मोठा कवी. १८५७ साली त्याच्या कवितासंग्रहावर खटला होऊन त्याला दंड झाला होता, त्यामुळे सभ्य समाजात त्याचे नाव आधीच खराब. १८६६ च्या मार्च महिन्यात बेल्जियममधल्या नामूर शहरातील एका चर्चमध्ये तो चक्कर येऊन पडला. काही आठवड्यांतच उजवे अंग लुळे पडले आणि बोलणे गेले. ब्रुसेल्समध्ये धर्मभगिनींच्या रुग्णालयात त्याला ठेवण्यात आले. त्याच्या तोंडून एकच शब्द निघे : ‘क्रेनों’. देवाच्या पवित्र नावाने घेतलेली ही अर्धवट तोडलेली शपथ, म्हणजे शिवीच. आनंद असो की राग, तोच शब्द. सिस्टर्सना ते ऐकवेना. हा माणूस मरणाच्या दारातही देवाची निंदा करतो आहे, असेच त्यांना वाटले. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. त्यांना कारण ठाऊक नव्हते, इतकेच.

वास्तविक ते कारण पाच वर्षांपूर्वी सापडले होते. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांनी लेबोर्न नावाच्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. हा माणूस एकवीस वर्षे तिथे होता आणि ‘तान’ एवढेच बोलत असे. मात्र फार चिडला की त्याच्याही तोंडून देवाच्या नावाची शिवी स्पष्ट निघे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग नासला होता. या दुखण्याला आज वाचाघात म्हणतात आणि बहुतेक वेळा तो पक्षाघाताच्या झटक्याने होतो. मनात आलेले वाक्य जुळवून बोलण्याची शक्ती जाते, पण तोंडात बसलेले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात : शिवी, एक ते दहा आकडे, गाण्याची ओळ, पाठ केलेली प्रार्थना. (जाता जाता : तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली तर सकाळची वाट पाहू नये, तत्काळ इस्पितळ गाठावे. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.)

कारण ठाऊक नसले की माणूस गुन्हेगार शोधतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते, पाप याचे की याच्या आईबापाचे? आपल्याकडे मूल चार वर्षांचे झाले तरी नीट बोलत नसेल तर तोच प्रश्न आईकडे वळतो. तू त्याच्याशी बोलत नाहीस, घरी वाडवळी, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी, मग पोर गोंधळणारच! दोन-तीन भाषा ऐकल्याने हा विकार होत नाही. ऐकू नीट येते ना, हे आधी तपासायला हवे. पण कान आणि बुद्धी ठीक असूनही भाषा अडणारी मुले असतात, अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत शंभरात सुमारे सात आढळली, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अशा मुलाला आळशी म्हणणे हा आमच्या मते अन्यायच. त्यापेक्षा वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत त्याला दाखवून आणावे.

इथपर्यंत सोपे आहे. अवघड प्रश्न पुढे आहे. गंभीर पापासाठी पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती लागते असे ख्रिस्तसभा शिकवते, म्हणून बोदलेरची शिवी आपण त्याच्या खात्यावर मांडणार नाही. पण मग वाचा गेलेली एखादी आजी पाणी मागू शकत नाही, आणि माळेची प्रार्थना सुरू झाली की नमो मरिया मात्र अखेरपर्यंत म्हणते, ती प्रार्थना तरी तिची कशी? दोन्ही शब्द एकाच वाटेने आले. एकाला दुखणे म्हणायचे आणि दुसऱ्याला भक्ती, हा पक्षपात नाही का?

जिभेवरून याचा निवाडा होणार नाही, असे आम्हांला वाटते. इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांची वाचा १७८३ च्या जूनमध्ये एका रात्री गेली. बुद्धी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. पद्य फारसे चांगले जमले नाही, आणि ते जमले नाही हे आपल्याला कळते आहे, यावरून त्यांनी ओळखले की बुद्धी जागेवर आहे. त्या रात्री त्यांच्या ओठांवर काहीच नव्हते. मग आजीच्या ओठांवर काही आहे म्हणून तिच्या आत काही नाही, असे तरी कशावरून? तिची संमती तिच्या डोळ्यांत, हाताच्या पकडीत, माळ पुढे सरकवणाऱ्या बोटांत दिसू शकते. मात्र त्यासाठी जवळ बसावे लागते.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो तेव्हा बहुतेक घरी उत्तर सून किंवा मुलगा देतो आणि रुग्णाबद्दल त्याच्यासमोरच बोलणे चालते. जखऱ्या मुका झाला तेव्हा बाळाचे नाव नातेवाइकांनी ठरवूनच टाकले होते, पण निदान खुणा करून त्यालाही विचारले, आणि त्याने पाटी मागून घेतली. आपणही रुग्णालाच विचारावे, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असे. प्रार्थनेची पहिली ओळ आपण म्हणावी आणि थांबावे. पुढचा शब्द यायला कधीकधी अर्धा मिनिट लागतो.