रोजच्या वाटपातील उणीव

(शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६ : १-७)



यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोज अन्नाचे वाटप होत असे. तरी हेल्लेणी विधवांची त्यात उपेक्षा होऊ लागली. कुरकुर कानी येताच प्रेषितांनी त्यांस कृतघ्न म्हटले नाही. देवाच्या आत्म्याने चालणारे सात सुज्ञ पुरुष त्यांनी त्या कामी नेमले. धान्य मोजून देण्यास पवित्र आत्मा कशाला हवा, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर आफ्रिका खंडातील एका गोष्टीवरून ध्यानी येते.

मोझांबिक देशात १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चालले. लक्षावधी लोक घरदार टाकून शेजारच्या मलावी देशात आश्रयास गेले. मलावी स्वतः दरिद्री. तरी त्याने त्यांस जागा दिली. छावण्यांत त्यांस मका, घेवडा, शेंगदाणे, तेल, साखर व मीठ असा शिधा मिळे. १९८९ साली त्यातील शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला. मका येत होता, चुली पेटत होत्या; परंतु मक्यातील नायसिन नावाचे जीवनसत्त्व शरीरास फारसे लाभत नाही. ती उणीव शेंगदाणे भरून काढीत असत. १९९० च्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत दक्षिण मलावीतील सुमारे २ लाख ८६ हजार निर्वासितांपैकी १७ हजारांहून अधिक जणांस पेलाग्रा झाला. ह्या रोगात मानेवरची व हातापायांवरची कातडी उन्हाने काळवंडून फाटते, हगवण लागते, बुद्धीस भ्रम होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांस तो पुष्कळच अधिक झाला. ज्यांच्याजवळ लहानसा मळा होता, जे मका घरीच दळीत, ज्यांच्या जेवणात शेंगदाणे किंवा मासळी होती, त्यांस तो कमी झाला.

ही परक्यांची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या दख्खनातही मुख्यतः ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला आहे.

ह्यावरून आपण दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, पोट भरणे व देह पोसणे ही एक नव्हेत. दुसरी ही की, ज्याचे शेत मागे राहिले त्यास आपला शिधा निवडता येत नाही. उणे काय ते त्याने सांगावे व देणाऱ्याने ऐकावे, तरच ते भरून निघते. रानात इस्राएल लोकांनी मान्न्याविषयी केलेली कुरकुर दाखवून भुकेल्याचे तोंड बंद करणारे पुष्कळ आहेत. प्रेषितांनी तसे केले नाही. आपणही करू नये.

उपदेशक बंधूंनो, पुरात किंवा दुष्काळात तुमच्या हाती शिध्याची यादी येईल, किंवा ऊसतोडीच्या कोपी तुमच्या शिवारात पडतील, तेव्हा किती पायल्या वाटल्या एवढेच वहीत लिहू नका. बाळंतिणीच्या, आजाऱ्याच्या, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या विधवेच्या ताटात काय पडले, ते जाऊन पाहा. भगिनींनो, प्रभूसाठी धान्याची मूठ बाजूस ठेवता, तिच्याबरोबर डाळीची व शेंगदाण्यांचीही एक मूठ ठेवा.

हे देवबापा, देशोधडीस लागलेल्या तुझ्या लेकरांस पुरते अन्न दे. आणि जे वाटतात त्यांस पाहणारे डोळे व ऐकणारे कान दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.