कुंडीच्या मापाची शेवंती

फूल पाहताना ते कोणी घडविले असेल, हा प्रश्न सहसा आपल्या मनात उमटत नाही. फूल उमलते, आपण निसर्गाचे कौतुक करतो आणि पुढे जातो. परंतु हिवाळ्यात कुंडीत फुलणारी ठेंगणी शेवंती पाहताना एवढ्यावर थांबता येत नाही. वीत-दीड वीत उंची, चोहोबाजूंनी सारखा गोल आकार, पानांना झाकून टाकणारी फुले आणि आधाराला एकही काठी नाही. हे रूप तिला आपसूक लाभलेले नाही. ते कोणीतरी निवडलेले आहे. आणि जेथे निवड आली, तेथे निवडणाऱ्याचे उत्तरदायित्वही आले. ते नेमके कोणते, ह्याचा थोडा विचार करावा असे मनात आहे.

आपल्या देशात ह्या फुलाच्या संदर्भात लखनौचे नाव आवर्जून घ्यावे लागते. तेथील सिकंदर बागेच्या परिसरातील राष्ट्रीय वनस्पती उद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ साली त्याचे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था असे नामकरण झाले. पूर्वी कुंडीतील शेवंती म्हणजे माळ्याची मोठी सेवा असे. शेंडा वेळोवेळी खुडायचा, म्हणजे बाजूला फुटवे येतात. मग फांद्या कलू नयेत म्हणून काठ्या रोवून त्या बांधायच्या. ह्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी शेंडा न खुडता व काठी न लावता गोलाकार वाढणारे, लहान फुलांचे अनेक वाण तयार केले. माळ्याचे कष्ट वाचले आणि ज्याच्याकडे केवळ गॅलरीतला कठडा आहे, त्याच्याही घरी शेवंती फुलू शकली. ह्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

नवा वाण तयार होतो तरी कसा? शेवंतीचे एक फूल म्हणजे वस्तुतः अनेक लहान फुलांचा मेळावा. कडेची, पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके केवळ स्त्रीलिंगी असतात, तर मधली बिंबपुष्पके उभयलिंगी. संकर करणारा कडेच्या पाकळ्या कात्रीने आखूड करतो, म्हणजे आतली कुक्षी उघडी पडते. तिच्यावर दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावतो आणि फुलावर पिशवी बांधतो. काही आठवड्यांनी बारीक बी हाती येते. पुढचे मात्र त्याच्या हाती नसते. बागेतल्या शेवंतीच्या पेशीत गुणसूत्रांचे सामान्यतः सहा संच असतात आणि त्यांत कितीतरी पूर्वजांचे गुण मिसळलेले असतात. त्यामुळे एकाच फुलाच्या बियांतून उगवलेली रोपे एकमेकांसारखी निपजत नाहीत. एक उंच जाते, एक पसरते, एक उशिरा फुलते, एकाचा रंग फिका पडतो. दुसरा मार्ग किरणांचा. मुळे फुटलेल्या छाटांवर कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा करायचा आणि फुलांची वाट पाहायची. कधी एखाद्या फुलातल्या दोन-चार पाकळ्यांचाच रंग बदललेला आढळतो. तेवढ्याच पाकळ्यांपासून प्रयोगशाळेत नवे रोप वाढविण्याचे तंत्र लखनौच्या संस्थेत वापरले गेले आहे.

दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. संशोधक दार उघडतो. आत कोण येईल, हे तो ठरवीत नाही. मग त्याचे स्वतःचे असे काय असते? त्याची नजर आणि त्याचा निकष. शेकडो रोपांतून तो एक ठेवतो आणि बाकीची उपटून टाकतो. अशा वेळी तो निर्माता कमी आणि न्यायाधीश अधिक असतो.

हा निकष येतो कोठून? तो कुंडीपासून येतो. उंच वाढणारे रोप निरोगी असते, फुलेही भरपूर देते. परंतु ते कुंडीत कलते. उपटून टाकलेल्या रोपाचा दोष अनेकदा एवढाच असतो. 'हे रोप ह्या कुंडीला योग्य नाही' हे विधान खरे आहे. 'हे रोप निरुपयोगी आहे' हे विधान खरे नाही. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर आपण केव्हा घसरतो, हे आपल्यालाच कळत नाही.

कोणी म्हणेल, रोपाला काय त्याचे? मान्य आहे. उपटलेल्या रोपाला अपमान वाटत नाही आणि ते उपटणे हे पापही नाही. सगळीच रोपे ठेवली, तर वाफे पुरणार नाहीत. प्रश्न रोपाचा नसून आपल्या मनाला जडणाऱ्या सवयीचा आहे. मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकविले. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांसाठी दरवर्षी वर्गातून मुले निवडावी लागत. एका वर्षी यादी वाचून झाल्यावर एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "बाई, माझं नाव कुठल्या यादीत आहे?" यादी एकच होती. मी त्याला म्हणाले, "तू अजून अभ्यास कर." ते उत्तर खोटे होते. तो अभ्यासात कमी नव्हता. ठरावीक वेळात ठरावीक तऱ्हेची उत्तरे लिहिण्याचा त्याचा पिंड नव्हता, एवढेच. कुंडी माझी होती आणि उणेपणा मी त्याच्या पदरात टाकला. निवड चुकली होती असे आजही मला वाटत नाही. तिचे जे कारण मी त्याला सांगितले, ते चुकले होते.

वगळलेल्यांना निकषाविषयी खरे सांगणे, हे निवडणाऱ्यावरचे पहिले ऋण. दुसरे ऋण निवडलेल्याचे आहे आणि ते अधिक काळ फेडावे लागते. आपल्याकडे वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम २००१ साली संमत झाला. त्यानुसार नव्या वाणाच्या नोंदणीसाठी चार कसोट्या आहेत: तो नवा असावा, वेगळा ओळखू यावा, एकसारखा असावा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहावा. झाडे व वेली वगळता अन्य पिकांच्या नव्या वाणांना मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मुदत १५ वर्षे आहे. वाणावरचा हक्क किती काळ, हे त्यातून कळते. वाणाविषयीचे कर्तव्य किती काळ, हे शेवंतीलाच विचारावे लागते.

कारण निवडलेली शेवंती स्वतःच्या बियांतून स्वतःसारखी पुन्हा जन्मत नाही. तिच्या काश्या काढाव्या लागतात, छाट लावावे लागतात. एका वाणाची देशभरातली सारी झाडे म्हणजे त्या एकाच मूळ रोपाचे वाढत गेलेले शरीर होय. धान्याचे बी नीट वाळवून डब्यात ठेवले, तर काही काळ तरी टिकते. शेवंतीच्या वाणाला ती सोय नाही. शिवाय छाटांबरोबर रोगाचे विषाणूही पुढे जातात आणि वाण हळूहळू खालावतो. म्हणून निरोगी मातृरोपे राखावी लागतात. एखाद्या वर्षी कोणीच काश्या काढल्या नाहीत, तर ज्याच्यासाठी शेकडो रोपे उपटली, तो वाणही नाहीसा होतो.

आपल्या मापाने आपण ज्याला घडविले, त्याला आपल्यावाचून जगता येणार नाही असेही आपणच केले. मग हौस फिटली म्हणून त्याला सोडून देण्याची मोकळीक आपल्याला राहत नाही. नवा वाण काढल्याबद्दल माणसाचे नाव होते. तो वाण दहा-वीस वर्षे सांभाळणाऱ्याचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते. तरीही पहिल्याच्या कामाला अर्थ राहतो तो दुसऱ्यामुळे.

लखनौच्या संस्थेत हिवाळ्यात शेवंतीचे प्रदर्शन भरते. बक्षिसे दिली जातात, लोक कौतुकाने पाहून जातात. पुढे फुले वाळतात. मग माळी वाळलेले दांडे छाटतो, बुडाशी फुटलेल्या काश्या मुळासकट अलग करतो, वाफ्यात लावतो आणि प्रत्येक ओळीपुढे नावाची पाटी रोवतो. पाटी चुकली, तर वाण हरवला. म्हणून तो प्रत्येक नाव पुन्हा एकदा वाचून पाहतो.