साहसाचें वेळापत्रक

आमच्या जांवईबापूंनीं पुढील ऑगस्टांतल्या कोस्टारिका-प्रवासाचें टिपण मजपुढें ठेविलें, तेव्हां प्रथम मला हसूंच आलें. तींत नव्हे, त्या टिपणांत, साहस तासांनीं मोजलेलें होतें! सोमवारीं मोंतेव्हर्देच्या मेघारण्यांत तारेला लटकून झाडांच्या शेंड्यांवरून सरकणें; बुधवारीं आरेनाल ज्वालामुखी; शुक्रवारीं रात्रीं आठ ते दहा, तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासव. अनपेक्षिताची गांठ पडणें म्हणजे साहस. तें रकान्यांत कसें बसावें, असा प्राध्यापकी आक्षेप मीं घेतला. पण तो टिकण्यासारखा नव्हता. १९६८ सालीं आरेनाल अकस्मात् उसळून कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. असलें अनपेक्षित कोणी मुलांबाळांसह शोधीत जात नाहीं.

खरा पेंच कासवाचा निघाला. तोर्तुगेरोला सडक नाहीं. बहुतेक प्रवासी कालव्यांतून होडीनेंच जातात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हिरव्या कासवांच्या माद्या तेथील वाळूंत रात्रीं चढून येतात. मादी खड्डा खणून अंडीं घालूं लागेपर्यंत पाहुण्यांनीं दूर काळोखांत उगी उभें राहावयाचें. विजेरी नाहीं, छायाचित्र नाहीं, वाटाड्यावांचून किनाऱ्यावर पाऊलहि नाहीं. कारण उजेडानें वा गडबडीनें ती बिथरली, तर अंडीं न घालतांच समुद्राकडे परतते. म्हणजे दोन तास तिष्ठून कांहींच न दिसणें अगदीं शक्य आहे.

"मग पैसे परत मिळतात का?" आमच्या नातवानें विचारलें.

प्रश्न पोरकट नाहीं. त्या पैशांनींच तर बरेंच घडलें आहे. पूर्वीं तेथें मांसासाठीं कासवें मारीत. आर्ची कार या प्राणिशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत त्यांचा अभ्यास आरंभिला, १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि आतां गांवाचा चरितार्थ मुख्यतः पाहुण्यांवर चालतो. घरीं बसून राहणारा निसर्गप्रेमी अधिक निष्पाप, असें म्हणून मला सुटतां येत नाहीं. तरीहि मोल देणारा हळूहळू आपणांस धनी समजूं लागतो, याची मला धास्ती वाटते. विजेरी लावणारा मनुष्य दुष्ट नसतो. आपली रात्र वाया जाऊं नये, एवढेंच त्याला वाटत असतें. आषाढींत पंढरपुरीं पोहोंचलेला वारकरी गर्दीमुळें नुसता कळस पाहून माघारा फिरतो. चालण्याचे श्रम कोणी भरून द्यावे, असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. हें मीं नातवास सांगून पाहिलें. त्याला पटलें नाहीं.

जांवईबापूंनीं शनिवारची रात्रहि राखून ठेवूं असें सुचविलें. ती राखली, नाहीं म्हणण्याइतका विरक्त मीहि नाहीं. मुलीनें मात्र टिपण उचललें आणि दोन्ही रकान्यांतलें 'कासव' खोडून तेथें 'किनारा' असें लिहिलें. नातू अजून रुसलेला आहे.