एकेंद्रियाच्या वाट्याचा धूर

चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती हे जैनांचं तीर्थ. पार्श्वनाथाच्या दर्शनाला इथे लांबलांबून यात्रेकरू येतात. पावसाळ्याचे चार महिने जैन साधू विहार थांबवून एकाच गावी राहतात, ते ओल्या वाटेवरचे किडे, कोंब आणि शेवाळ पायाखाली येऊ नये म्हणून. जैन विचारात शेवाळ हा एकेंद्रिय जीव. त्याला फक्त स्पर्श कळतो.

वनस्पतिशास्त्राला इंद्रियांशी घेणंदेणं नाही. तरी भिंतीवरच्या मखमली शेवाळाचं, म्हणजे मॉसचं, पान भिंगाखाली पाहिलं की हे वर्णन पटतं. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं, वर मेणाचं कवच नावापुरतं, खरी मुळं नाहीतच. पाणी, क्षार, धूळ सगळं अंगानेच प्यायचं. युरोपात म्हणूनच १९९० पासून ठरावीक वर्षांनी मॉस गोळा करून हवेतल्या जड धातूंचा अंदाज घेतात.

चंद्रपुरात अंगावर येतं ते काय? २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि ४७ अंशांचा उन्हाळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या प्रदूषण निर्देशांकात हे शहर ८३.८८ गुणांनी देशात चौथं सर्वांत प्रदूषित होतं.

उन्हाळ्यात मॉस वाळून तपकिरी पडतं, त्याचे व्यवहार जवळपास थांबतात. मेलं म्हणावं, तर पहिल्या सरीनंतर काही मिनिटांत पान उलगडतं. पण हे जागं होणं फुकट नसतं. पेशींची फाटकी पटलं सांधायची, प्रथिनं नव्याने घडवायची. सर लगेच ओसरली तर खर्च झाला आणि कमाई नाहीच. त्यात सल्फर डायऑक्साइड. कोरड्या मॉसला तो फारसा बाधत नाही, ओल्या पानावर मात्र विरघळून हरितद्रव्यावर घाला घालतो. दुरुस्तीची आणि विषबाधेची वेळ एकच!

मग ही हिंसा कोणाची? पाय आवरता येतो, धुराड्याला पाय नाहीत. तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे गाफीलपणात शोधतं. पण जिथे प्रदूषणाचे गुण मोजून छापलेत, तिथे गाफीलपणाची सबब चालणं कठीण. परंपरेनेही फक्त साधूच्या पावलांचा विचार केलेला नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या योगशास्त्रात श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, टाळायचे पंधरा धंदे दिले आहेत. त्यांत कोळसे पाडणं आहे, जमीन फोडणंही आहे. शेजारच्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजासाठी जे खोदकाम चाललंय, ते याहून वेगळं नाही.

त्या यादीत धंदा करणारा सापडतो, वीज जाळणारा सापडत नाही. काही पंथांचे साधू आजही दिव्याचं बटण दाबत नाहीत. त्यांना गोचरी, म्हणजे भिक्षा, वाढणाऱ्या घरात मात्र फ्रिज चालू असतो, आणि त्या विजेतला शेवाळाचा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा, हे अजून कोणी ठरवलेलं दिसत नाही.